खोदण्याआधी विचारायचे, पण कुणाला?

फोंडा किंवा म्हापशासारख्या शहरातला एखादा जुना बाजाररस्ता घ्या. त्याच्या डांबराखाली पाण्याची मुख्य वाहिनी असते आणि तिच्यातून घराघरात गेलेल्या नळजोडण्या असतात. वीज खात्याच्या भूमिगत केबल असतात. बीएसएनएलच्या जुन्या तांब्याच्या तारा असतात, नंतर आलेली ओएफसी, म्हणजे ऑप्टिकल फायबर केबल असते, मोबाईल कंपन्यांच्या डक्ट, म्हणजे केबल ओवायच्या नळ्या असतात. काही भागांत मलनिस्सारण वाहिनी, आणि अलीकडे पाईप गॅस. रस्ता साबांखाचा (सार्वजनिक बांधकाम खात्याचा) किंवा पालिकेचा. पाणी आणि वीज सरकारची, पण खाती वेगळी. मलनिस्सारणासाठी स्वतंत्र महामंडळ. गॅस उत्तर गोव्यात गोवा नॅचरल गॅस ही कंपनी देते, दक्षिणेत इंडियन ऑइल-अदानी गॅस. प्रत्येकाकडे आपापल्या वाहिनीचा कसला ना कसला नकाशा असतो. खोदणाऱ्याला मात्र ते सगळे एकाच कागदावर हवे असतात, आणि तेही जेसीबी सुरू करण्याआधी.

ही माहिती एकमेकांना द्यायची कशी, तिच्यावर विश्वास किती ठेवायचा आणि ती चुकली तर जबाबदार कोण, एवढाच हा विषय. ऐकायला संगणक विभागाचे काम वाटते. माझ्या मते ते निम्म्याहून अधिक रस्ता खोदण्याच्या परवानगीचे काम आहे. तिकडे शेवटी येतो.

आधी बिघडते काय ते पाहू. जेसीबीच्या बादलीला दात असतात आणि चालकाच्या हाताला मातीखालचे काही जाणवत नाही. कुदळ पाईपवर आपटली की मजुराला आवाजावरून कळते. यंत्राला कळेपर्यंत पाईप वर आलेला असतो. सगळ्यात जास्त तुटतात त्या घरगुती नळजोडण्या. त्या मुख्य वाहिनीपासून आडव्या निघतात, फार खोल नसतात आणि नकाशावर बहुतेक वेळा नसतातच, कारण त्या एकेक करून, वेगवेगळ्या प्लंबरनी, वेगवेगळ्या वर्षी टाकलेल्या असतात. केबल तुटली तर वाड्यावरचे नेट जाते, बँकेचे काउंटर थांबते. चतुर्थीच्या तोंडावर पाणी गेले तर काय होते, ते गोव्यात कुणाला सांगायला नको.

देशभराचा हिशेब सरकारनेच दिला आहे. समन्वयाशिवाय होणाऱ्या खोदकामामुळे ऑप्टिकल फायबरसारख्या वाहिन्यांचे जे नुकसान होते, ते वर्षाला सुमारे 3000 कोटी रुपयांचे. ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे 40 लाख खड्डे खोदले जातात, त्यांत सुमारे 60,000 वेळा कुठली ना कुठली वाहिनी चुकून दुखावते आणि एकूण फटका 240 कोटी पौंडांचा धरला जातो. ज्या देशात नकाशे व्यवस्थित ठेवण्याची जुनी परंपरा आहे, तिथली ही गत.

पण तुटणे हा सोपा अपघात, कारण तो लगेच दिसतो. न दिसणारे अपघात जास्त वाईट. मेक्सिकोतल्या ग्वादलाहारा शहरात पेट्रोलच्या भूमिगत वाहिनीजवळून पाण्याचा नवा पाईप टाकला गेला. पाण्याच्या पाईपवर जस्ताचा मुलामा होता, पेट्रोलचा पाईप पोलादी. दोन वेगळे धातू ओल्या मातीत एकमेकांच्या सान्निध्यात आले की हळूहळू गंजण्याची रासायनिक क्रिया सुरू होते. पेट्रोलच्या वाहिनीला भोक पडले, पेट्रोल जमिनीत आणि तिथून गटारवाहिनीत उतरले. 22 एप्रिल 1992 रोजी गटारे स्फोटांनी उखडली, रस्तेच्या रस्ते फुटले, 200 हून अधिक माणसे गेली. पाईप टाकताना कुणी काही तोडले नव्हते. शेजारी काय आहे आणि ते कशाचे बनलेले आहे, एवढे त्या वेळी लक्षात घेतले गेले असते तर अंतर ठेवता आले असते. म्हणून भूमिगत नकाशात वाहिनी ‘कुठे’ आहे एवढे पुरत नाही. कशाची आहे, केव्हाची आहे, आत काय वाहते आणि किती दाबाने, हेही लागते.

दुसरे उदाहरण बेल्जियममधल्या गिलांगियां गावचे. तिथे बांधकामाच्या यंत्राने उच्च दाबाच्या गॅसवाहिनीला ओरखडा काढला होता. पाईप तेव्हा फुटला नाही. पुढे गॅसचा दाब वाढवला गेल्यावर, 30 जुलै 2004 रोजी, तो त्या जागी फाटला आणि 24 जण मृत्युमुखी पडले. त्या धक्क्यातूनच बेल्जियमच्या फ्लेमिश, म्हणजे डच बोलणाऱ्या भागात खोदण्याआधी नकाशा मागवण्याची सक्ती आली.

आता नकाशा चुकतो कसा, ते पाहू. कार्यालयात असतो तो मंजूर आराखडा. त्यावर वाहिनी सरळ रेषेत जाते. जागेवर चर खोदताना मध्ये चिऱ्याचा कठीण थर लागतो, कुठे आंब्याचे मूळ, कुठे रस्त्याकडेची घुमटी किंवा खुरीस (क्रॉस). कंत्राटदार वाहिनी मीटरभर बाजूने वळवतो, आणि त्याचे बरोबरही असते. फक्त ती वळवलेली रेष कागदावर परत येत नाही. जे प्रत्यक्षात टाकले त्याच्या नकाशाला अभियंते ‘ॲज-बिल्ट’ म्हणतात. बिलाच्या फाइलला जोडायला म्हणून मंजूर आराखड्याचीच प्रत ‘ॲज-बिल्ट’ असा शिक्का मारून दिली जाण्याचे प्रकार या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहेत.

मापे कशापासून घेतली, ही आणखी एक गोम. ‘कंपाउंडच्या भिंतीपासून दीड मीटर’ असे लिहिलेले असते. रस्ता रुंद झाला, भिंत मागे सरकली, माप तिथेच राहिले. खोलीचे तर विचारूच नका. ‘पृष्ठभागापासून 90 सेंटिमीटर’ अशी नोंद होते, आणि तो पृष्ठभागच वर चढत जातो. आपल्याकडे जुने डांबर न खरवडता त्यावर नवा हॉटमिक्सचा थर टाकण्याची सवय आहे. दोन-तीन निवडणुकांत रस्ता वीतभर उंच होतो. उलट चढ कापून रस्ता सपाट केला, तर तीच वाहिनी एकदम उथळ होते. म्हणून खोली रस्त्यापासून न मोजता समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत नोंदवायची असते.

अक्षांश-रेखांश दिले की झाले, असेही नाही. मोबाईलचे जीपीएस मोकळ्या जागेतही काही मीटरनी चुकू शकते, आणि पणजीच्या माळा भागातल्या गल्लीत काही मीटर म्हणजे समोरच्याचे घर. त्यात जुने भारतीय नकाशे पृथ्वीच्या आकाराच्या एव्हरेस्ट नावाच्या मापावर बेतलेले, तर जीपीएस चालते डब्ल्यूजीएस-84 या वेगळ्या मापावर. रूपांतर न करता दोन्ही एकत्र केले, तर एकाची वाहिनी दुसऱ्याच्या नकाशात रस्ता सोडून भलत्याच आवारात जाऊन बसते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स केंद्रांचा, म्हणजे जीपीएसची चूक सुधारून देणाऱ्या कायमच्या केंद्रांचा आधार घेणारे यंत्र वापरले की चूक काही सेंटिमीटरांवर येते. ते यंत्र आता दुर्मिळ राहिलेले नाही; रस्त्याच्या मोजणीला येणाऱ्या सर्व्हेअरकडे बहुधा तेच असते.

मग जमीन न खोदता आतले पाहता येत नाही का? येते, पण अर्धवट. केबल लोकेटर नावाचे हातात धरायचे यंत्र असते. वीज वाहणाऱ्या केबलभोवती 50 हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र तयार होते, ते हे यंत्र पकडते. लोखंडी पाईपवर बाहेरून सिग्नल चढवून त्याचाही माग काढता येतो. प्लास्टिकच्या पाईपवर मात्र सिग्नल चढतच नाही, आणि नवा गॅस, नवे पाणी, फायबरची डक्ट हे बहुतेक प्लास्टिकचेच. पाईपसोबत तांब्याची एक बारीक तार टाकून ठेवली असेल, तरच ते या यंत्राला सापडतात. ती तार स्वस्त असते. पाईप टाकताना विसरली की पुढच्या माणसाला महाग पडते.

दुसरे यंत्र जीपीआर, म्हणजे जमिनीत रेडिओ लहरी सोडून त्यांचा परतावा वाचणारी गाडी. गवत कापण्याच्या यंत्रासारखी ती ढकलत न्यायची. पाईप आडवा ओलांडला की पडद्यावर कमानीसारखी रेघ उमटते. जाहिरातींत जीपीआर जादूसारखे दाखवतात. गोव्यात त्याची खरी परीक्षा होते, कारण या लहरी ओल्या चिकणमातीत आणि खाऱ्या पाण्यात झटकन विरतात. आपल्याकडे वर चिकण मिसळलेली लाल माती, खाली लोहाने भरलेला जांभा आणि खाडीकाठाला खाजनाची खारट जमीन. पणजीचा बराच भाग तर भराव घालून केलेला. जुलैत जीपीआर फिरवून काढलेला नकाशा मी तरी डोळे झाकून मानणार नाही. एप्रिल-मेत, जमीन सुकलेली असताना काढलेल्यावर थोडा अधिक विश्वास ठेवीन.

एचडीडीने टाकलेल्या वाहिन्या हा वेगळाच प्रकार. त्यात रस्ता न फोडता दोन टोकांना खड्डे घेऊन मधून जमिनीखालून आडवे छिद्र पाडतात. रस्ता वाचतो, लोक खूश. पण वाहिनी मध्ये खोल उतरून पुन्हा वर येते, आणि तिचा नेमका मार्ग ड्रिल चालवणाऱ्याच्या नोंदीतच असतो. कधी हे छिद्र गटारवाहिनीच्या आरपार जाते आणि गॅसचा पाईप तिच्या पोटातून ओढला जातो. कुणाला पत्ता लागत नाही. काही वर्षांनी गटार तुंबते, सफाईचे यंत्र आत सोडले जाते आणि ते गॅसचा पाईप कापते. अमेरिकेत अशा जागा शोधण्यासाठी गटारांत कॅमेरे फिरवावे लागले आहेत.

नकाशाच्या रेघेवर भरवसा किती ठेवायचा, हे सांगायची सोय अमेरिकेतल्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेने 2002 मध्ये मानक काढून केली आणि 2022 मध्ये ते सुधारले. चार दर्जे. ‘ड’ म्हणजे जुन्या कागदावरून किंवा कुणाच्या आठवणीवरून काढलेली रेघ. ‘क’ म्हणजे रस्त्यावर दिसणारे चेंबर, व्हॉल्व, मॅनहोल मोजून त्यांच्यामधून जोडलेली. ‘ब’ म्हणजे लोकेटर किंवा जीपीआर फिरवून शोधलेली. ‘अ’ म्हणजे खड्डा घेऊन वाहिनी डोळ्यांनी पाहून मोजलेली. सगळे शहर ‘अ’ दर्जाचे करायला कुणाकडे पैसा नाही, आणि त्याची गरजही नाही. रेघेशेजारी तिचा दर्जा आणि नोंदीची तारीख लिहिली, की खोदणाऱ्याला कळते: इथे यंत्र चालेल, इथे मजूर लावून हाताने खोदायचे. ज्या नकाशात सगळ्या रेघा सारख्याच ठसठशीत दिसतात, तो मला सर्वांत धोकादायक वाटतो. साठ वर्षांपूर्वीच्या बिडाच्या पाईपची ऐकीव जागा आणि काल मोजलेली गॅसवाहिनी त्यावर एकाच तोऱ्यात उभ्या असतात.

आता देवाणघेवाण. सगळ्या खात्यांनी आपली माहिती एका मोठ्या संगणकात आणून ओतावी, हा पहिला सुचणारा मार्ग. अडचण ही की ती ओतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून शिळी होऊ लागते. मूळ खात्यात जोडण्या होत राहतात, मध्यवर्ती नकाशाला ते कळत नाही. दुसरा मार्ग यूपीआयसारखा: पैसा ज्याच्या त्याच्या बँकेतच राहतो, पण कुठल्याही ॲपवरून विचारणा केली की उत्तर मिळते. नेदरलँड्समध्ये साधारण हेच चालते. तिथे यंत्राने खोदणाऱ्या प्रत्येकाला भूमी अभिलेख संस्थेकडे अर्ज करावा लागतो. तो नकाशावर खोदायच्या जागेची चौकट आखून देतो, त्या चौकटीत ज्यांच्या वाहिन्या असतील त्या सगळ्यांना विचारणा जाते आणि आलेले नकाशे एकत्र करून त्याला पाठवले जातात. 2008 पासून यासाठी कायदा आहे. खोदताना नकाशापेक्षा वेगळे काही सापडले तर ते परत कळवायचे, हेही त्यात येते. माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, कारण प्रत्येक खड्ड्यामागे नकाशा थोडा सुधारतो.

ब्रिटनने राष्ट्रीय भूमिगत मालमत्ता नोंदवही उभी केली. 2019 मध्ये लंडन आणि ईशान्य इंग्लंडमध्ये छोटे प्रयोग केले, 2023 मध्ये ईशान्य इंग्लंड, लंडन आणि वेल्समध्ये ती वापरात आणली आणि 2025 च्या डेटाविषयक कायद्यात तिला आधार दिला. सुरुवातीला तिथेही कंपन्या माहिती द्यायला नाखूश होत्या.

भारतात ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप 22 मार्च 2023 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाले. दूरसंचार विभागाचे हे काम, आणि तांत्रिक बाजू गांधीनगरच्या बायसॅग-एन या संस्थेची. पीएम गतिशक्ती या केंद्राच्या पायाभूत सुविधांच्या योजनेचा नकाशा सांभाळणारी संस्था हीच. खोदणारा जागा नोंदवतो, त्या भागात ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना एसएमएस, ईमेल आणि ॲपवरून सूचना जाते आणि दोघांचा संपर्क जुळतो. कल्पना उत्तम. पण याला जोडून आलेल्या नियमांचा रोख दूरसंचार वाहिन्या वाचवण्यावर आहे. शिवाय सूचना मिळाली म्हणजे जागा कळली असे होत नाही. उत्तर द्यायला समोर कनिष्ठ अभियंता हवा, त्याच्याकडे नकाशा हवा आणि त्या नकाशात रेघ खरी हवी.

मग खाती माहिती का देत नाहीत? सुरक्षेचे कारण पुढे केले जाते, आणि ते पोकळ नाही. राजधानीला पाणी आणि वीज कुठून येते याचा तपशीलवार नकाशा कुणालाही डाउनलोड करता येऊ नये. ऑगस्ट 2019 मध्ये खांडेपारला, महामार्गाचे काम चालू असलेल्या भागात जमीन खचून ओपा पाणी प्रकल्पाच्या जलवाहिन्या फुटल्या, तेव्हा तिसवाडी आणि फोंडा तालुक्यांचे नळ कित्येक दिवस कोरडे होते. (तिथे वाहिन्या कुठे आहेत हे ठाऊक होतेच, नकाशाने तो अपघात टळला असता असे माझे म्हणणे नाही. एका जागेवर किती माणसे अवलंबून असतात, एवढेच त्यातून दिसते.) पण यावर उपाय आहे. पूर्ण नकाशा कुणालाच न देता, परवाना असलेल्याला त्याच्या चौकटीपुरता, त्याच्या कामाच्या मुदतीपुरता दाखवायचा आणि कुणी काय पाहिले याची नोंद ठेवायची. ब्रिटनमध्येही माहिती सुरक्षित खोदकामासाठी, अधिकृत माणसांनाच दिसते.

दुसरे कारण कुणी उघड बोलत नाही. आपला नकाशा चुकीचा आहे हे ज्याच्या त्याच्या खात्याला पक्के माहीत असते. तो दिला आणि त्यावर विसंबून कुणी खोदले, तर भरपाई कोण देणार? न दिलेला नकाशा चुकीचा ठरत नाही. ही भीती काढायची तर प्रामाणिकपणे ‘ड’ दर्जा लिहून दिलेल्या रेघेबद्दल खात्याला दोष लागू नये. दोष लागावा तो माहिती दडवल्याबद्दल, किंवा माहिती हाती असून यंत्र घातल्याबद्दल. तिसरे कारण धंद्याचे: आपली डक्ट कुठून कुठे जाते हे मोबाईल कंपनीला प्रतिस्पर्ध्याला दाखवायचे नसते. तिथेही मालक कोण हे झाकून ‘इथे दूरसंचार डक्ट आहे’ एवढे दाखवले तरी खोदणाऱ्याचे भागते.

गोव्याचे एक सोयीचे आहे. राज्य लहान, वीज सरकारी खात्याकडे, पाणी सरकारकडे. एका टेबलाभोवती मावतील एवढीच माणसे. आणि सगळ्यांच्या वाटेत एक समान फाटक आहे: रस्ता खोदण्याची परवानगी. तो खोदण्याआधी अर्ज करावा लागतो, पैसे भरावे लागतात. त्यातली काही रक्कम अनामत म्हणून अडकवून ठेवावी आणि चर बुजवण्याआधी केलेली मोजणी जमा झाल्यावरच परत करावी. चर उघडा असताना वाहिनी समोर दिसत असते. तेव्हा ‘अ’ दर्जाची मोजणी सर्व्हेअरच्या अर्ध्या दिवसात होते. बुजवल्यावर तीच गोष्ट शोधायला जीपीआर, लोकेटर आणि परत खड्डा. शिवाय त्या उघड्या चरात दुसऱ्यांच्या वाहिन्याही दिसतात. त्याही मोजून घ्यायला लावल्या, तर जुन्या शहरातल्या विसरलेल्या वाहिन्या एकेक करून नकाशावर येतील, आणि कुणाला वेगळे सर्वेक्षण काढावे लागणार नाही.

जमा करायची फाइल अवघड नको. प्रत्येक वळणाचे आणि दर 10 मीटरला एका बिंदूचे अक्षांश-रेखांश, वाहिनीच्या माथ्याची समुद्रसपाटीपासून उंची, व्यास, कशाची बनलेली, आत काय वाहते, मोजल्याची तारीख, आडव्या आलेल्या परक्या वाहिन्या, आणि टेप धरून काढलेले चराचे फोटो. तपासणीला अभियंत्याने कुठलाही एक बिंदू निवडून लोकेटर लावून पाहावा. जुळला नाही तर अनामत तिथेच.

पावसाळ्यात रस्ते खोदायला मनाई असते. ते महिने मागच्या हंगामाच्या फाइली एकत्र करायला आणि न जुळणाऱ्या रेघा दोन्ही खात्यांना समोरासमोर बसवून सोडवायला पुरेसे आहेत. सुरुवात गॅसवाहिनीच्या रस्त्यांपासून करावी. ती वाहिनी नवी असल्याने तिच्या नोंदी अजून ताज्या आहेत, आणि तिथे चूक झाली तर टँकर बोलावून भागणार नाही.